निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक आणि नोआ वेब्स्टर

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या विद्यार्थ्याने ‘कलर’ हा शब्द ‘यू’ गाळून लिहिला की आपल्याकडील शिक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतो. तोच विद्यार्थी पुढे एखाद्या कचेरीत कारकून म्हणून लागतो, संगणकावर पत्र तयार करतो, शाळेत शिकविल्याप्रमाणे इमानेइतबारे ‘यू’ घालतो आणि त्या शब्दाखालीही तांबडी रेघ उमटते. कारण त्या यंत्राला अमेरिकन वळण लावलेले असते. एकाच शब्दाला दोन्हीकडून मार खावा लागतो, यात शिक्षकाचा दोष नाही आणि यंत्राचाही नाही. ब्रिटिश इंग्रजी आपल्याकडे राज्यकर्त्यांच्या मागोमाग आले आणि शाळा-कचेऱ्यांतून रुळले. अमेरिकन इंग्रजी पुढे पुस्तके, चित्रपट, व्यापार आणि संगणक यांच्या वाटेने आले. या दोन वाटा जेथे फुटल्या त्या तिठ्यावर एक माणूस उभा आहे. त्याचे नाव नोआ वेब्स्टर. जाडजूड इंग्रजी कोशांवर हे नाव आपण पाहिलेले असते. पण ते एखाद्या कंपनीचे नाव असावे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो एक शाळामास्तर होता आणि आपल्या एका क्रमिक पुस्तकाच्या विक्रीवर त्याने जवळजवळ साठ वर्षे गुजराण केली.

वेब्स्टरचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी कनेक्टिकटमधील हार्टफर्ड गावाच्या पश्चिम भागात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील शेती करीत, विणकाम करीत आणि गावच्या चर्चमध्ये मानाने वावरत. मुलगा पुस्तकात रमतो हे पाहून त्यांनी शेत गहाण टाकले आणि १७७४ मध्ये त्याला येल कॉलेजात पाठविले. पुढल्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध युद्ध पेटले. कॉलेजात अन्नाचा तुटवडा पडला तेव्हा वर्ग गावोगाव विखुरले गेले. एकदा तर खुद्द वेब्स्टर वडील आणि भावांसह लष्करी तुकडीत सामील होऊन निघाला, पण लढाईचे तोंड त्याला पाहावे लागले नाही. १७७८ मध्ये तो पदवीधर होऊन घरी आला. वडिलांनी त्याच्या हातावर आठ डॉलरची एक नोट ठेवली आणि याहून अधिक आपल्याच्याने होणार नाही, यापुढे तुझे तू पाहा, असे स्पष्ट सांगितले.

ही नोट काँग्रेसने युद्धासाठी छापलेल्या ‘काँटिनेंटल’ चलनातली होती. कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता, म्हणून तिने नोटा छापल्या. थोड्याथोडक्या नव्हेत, काही वर्षांत सुमारे २४ कोटी डॉलरच्या. १७८० मध्ये चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव काँग्रेसला स्वतःच मान्य करावा लागला. कवडीमोल वस्तूला ‘काँटिनेंटलच्याही लायकीची नाही’ म्हणण्याची पद्धत अमेरिकन बोलीत तेव्हापासून पडली. वेब्स्टरच्या हातात नोट पडली तेव्हा घसरण पुरती झालेली नव्हती, तरी आठाचे चारसुद्धा पदरात पडले असते की नाही याची शंकाच आहे. ज्या देशाच्या सरकारची सही असलेला कागद शेजारच्या गावातला दुकानदार घेत नाही, तो देश एक आहे असे म्हणावयाचे कशाच्या बळावर, हा प्रश्न वीस वर्षांच्या त्या तरुणाला तेव्हा पडला असेल किंवा नसेल. पुढे मात्र आयुष्यभर तो याच प्रश्नाशी झुंजत राहिला. नाणे एक नाही, कायदा एक नाही, धर्मपंथ एक नाहीत. मग निदान भाषा तरी एक असावी आणि ती साहेबाकडून उसनी आणलेली नसावी, असा त्याचा ध्यास होता.

पोटासाठी त्याने शाळामास्तरकी पत्करली. मधल्या काळात कायद्याचा अभ्यास करून १७८१ मध्ये वकिलीची सनदही मिळविली, पण युद्धामुळे पक्षकार मिळेनात. १७८२ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातील गोशेन या लहानशा गावी शाळा चालवीत होता. त्या काळच्या अमेरिकन शाळा म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि वेगवेगळ्या वयांची पोरे. पुस्तक बहुधा एकच, तेही इंग्लंडातल्या थॉमस डिलवर्थ नावाच्या मास्तराने १७४० मध्ये लिहिलेले. त्यात गावांची नावे इंग्लंडातली, आणि पाठांतून वावरणारे जगही तिकडचेच. ज्या राजाविरुद्ध बाप बंदूक घेऊन लढत होता त्या राजाच्या देशातल्या गावांची स्पेलिंगे मुलगा शाळेत घोकत होता! वेब्स्टरला हे खटकले. गोशेनच्या त्या शाळेत त्याने स्वतःचे स्पेलिंगचे पुस्तक लिहावयास घेतले.

पुस्तकाला ‘अमेरिकन’ या शब्दाने सुरू होणारे सुटसुटीत नाव द्यावे असे त्याच्या मनात होते. परंतु येलच्या अध्यक्षांनी एक भारदस्त नाव सुचविले आणि तरुण लेखकाला ते मोडवले नाही. ‘अ ग्रॅमॅटिकल इन्स्टिट्यूट ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हे ते नाव. शाळकरी पोराच्या पुस्तकाला असले नाव म्हणजे बाळाच्या अंगात आजोबांचा अंगरखा. काही वर्षांतच ते टाकून ‘द अमेरिकन स्पेलिंग बुक’ हे नाव घेण्यात आले. लोकांनी मात्र दोन्ही नावे बाजूला ठेवली आणि निळ्या कागदात गुंडाळलेल्या पुठ्ठ्यावरून त्याला ‘निळ्या पाठीचे’ पुस्तक म्हटले. छपाईला पैसे नव्हते. जोएल बार्लो या कवी मित्राने काही रक्कम पुढे केली. ऑक्टोबर १७८३ मध्ये, म्हणजे इंग्लंडने पॅरिसच्या तहात अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केल्यानंतर महिन्याभराने, हार्टफर्डच्या छापखान्यातून ५,००० प्रती बाहेर पडल्या. वर्षाच्या आत त्या संपल्या.

या पुस्तकाची रचना आपल्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. आधी मुळाक्षरे, मग प्रत्येक व्यंजनाला एकेक स्वर जोडून केलेले तक्ते, अगदी आपल्या बाराखडीसारखे, मग एक अवयवाचे शब्द, दोन अवयवांचे, तीन अवयवांचे, असे चढत जाणारे पाठ, मधून मधून छोटी नीतिपर वाक्ये आणि सफरचंदे चोरणाऱ्या पोरासारख्या गोष्टी. डिलवर्थ शब्दांचे तुकडे लॅटिनच्या नियमाने पाडीत असे, त्यामुळे ‘नेशन’ या शब्दाचे ‘ने-शि-ऑन’ असे तीन तुकडे मुलांना घोकावे लागत. वेब्स्टरने लोक बोलतात तसे दोनच तुकडे पाडले. शब्द कानाला ऐकू येतो तसा कागदावर मोडावा, एवढेच त्याचे तत्त्व. पण त्यामुळे मास्तर स्वतः फारसा शिकलेला नसला तरी त्याचे काम भागू लागले, आणि नव्या देशात शिकलेले मास्तर होते तरी किती? इंग्लंडातल्या गावांच्या जागी अमेरिकेतली राज्ये आणि गावे आली. जॉर्जियातले मूल आणि मॅसॅच्युसेट्समधले मूल एकाच क्रमाने तेच शब्द, त्याच उच्चाराने म्हणू लागले. हिवाळ्याच्या रात्री गावकरी शाळेत जमून स्पेलिंगच्या चढाओढी लावीत, त्याही मुख्यतः याच पुस्तकाच्या आधारे. आज अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर होणारी स्पेलिंगची स्पर्धा १९२५ मध्ये सुरू झाली. तिचा प्रमाणग्रंथ वेब्स्टरचे नाव धारण करणारा कोशच असतो. २०१९ मध्ये या स्पर्धेत आठ मुले संयुक्त विजेती ठरली, त्यांपैकी सात भारतीय वंशाची होती.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पहिल्या आवृत्तीत वेब्स्टरने ‘यू’ गाळला नव्हता. उलट, ‘ऑनर’, ‘फेव्हर’ यांसारख्या शब्दांतली अक्षरे गाळणाऱ्यांना त्याने दटावलेच होते. तेव्हा त्याला डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाचे प्रामाण्य मान्य होते. बंडखोर जन्मतः बंडखोर असतो ही आपली एक भाबडी कल्पना आहे. हा गृहस्थ बंडाकडे हिशेब करीत करीत गेला.

पुस्तक आणि मालकी

पुस्तक खपू लागले की ते दुसराच कोणी छापणार, हे वेब्स्टरने पहिल्या प्रतीपूर्वीच ओळखले होते. त्या काळी अमेरिकेत लेखकाला आपल्या लेखनावर हक्क देणारा कायदाच नव्हता. तेरा राज्ये, तेरा विधिमंडळे. तेव्हा हा पंचविशीतला मास्तर घोड्यावर, टपालगाडीत, जहाजात बसून राजधान्यांच्या चकरा मारू लागला. कनेक्टिकटने जानेवारी १७८३ मध्ये पहिला कायदा केला. वेब्स्टर आणि त्याच्यासारख्या इतरांच्या खटपटीने बाकीची राज्ये मागोमाग आली. १७९० मध्ये संपूर्ण संघराज्यासाठी कायदा झाला आणि लेखकाला चौदा वर्षांचा, आणि हयात असल्यास पुन्हा चौदा वर्षांचा हक्क मिळाला.

मौज अशी की हा कायदा केवळ अमेरिकन लेखकांना लागू होता. इंग्रज लेखकाचे पुस्तक अमेरिकेत कोणीही फुकट छापावे, त्याला छदामही देऊ नये! देशी लेखकाला हे संरक्षण वाटले असेल, पण त्याची दुसरी बाजू उफराटी होती. डिलवर्थचे पुस्तक छापणाऱ्याला कोणालाच मानधन द्यावे लागत नसे आणि वेब्स्टरच्या पुस्तकावर ते द्यावे लागे. म्हणजे वेब्स्टरची स्पर्धा एका फुकटच्या पुस्तकाशी होती, आणि तरीही त्याने ती जिंकली. परदेशी लेखकांना हक्क देण्यास अमेरिकेने १८९१ साल उजाडू दिले. १८४२ मध्ये डिकन्स अमेरिकेत येऊन या विषयावर कितीही तळमळून बोलला, तरी त्याचा उपयोग झाला नाही.

रस्ते खराब आणि वाहतूक महाग, म्हणून एका ठिकाणी छापून देशभर पाठविणे परवडत नसे. वेब्स्टरने निरनिराळ्या भागांतील छापखान्यांना परवाने दिले. सुरुवातीला पैशाची निकड असल्यामुळे त्याने काही हक्क इतके स्वस्तात विकले की न्यूयॉर्कच्या एका मुद्रकाने त्यावर चांगला पैसा मिळविला आणि लेखक हात चोळीत बसला. पुढे तो शहाणा झाला आणि दर प्रतीमागे मानधन घेऊ लागला; तेही एक सेंटाहून कमी. पण ते थेंबाथेंबाने साचत गेले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या ३९ लाख होती, १८९० मध्ये ६ कोटी ३० लाख. आणि या शंभरेक वर्षांत ‘निळ्या पाठी’च्या सुमारे ६ कोटी प्रती खपल्या असाव्यात असा अंदाज केला जातो. एखाद्या राष्ट्राच्या भाषेला वळण लावण्याचे काम फ्रान्समध्ये राजाश्रय लाभलेल्या अकादमीने केले. अमेरिकेत ते एका माणसाने एका सेंटाच्या अपूर्णांकावर केले. यात थोरवी जेवढी आहे तेवढीच व्यापारी चतुराईही आहे, आणि वेब्स्टरला दोहोंपैकी कशाचीच लाज वाटत नसे.

लाज हा त्याचा विषयच नव्हता. राज्याराज्यांतून फिरताना तो इंग्रजी भाषेवर जाहीर व्याख्याने देई. फिलाडेल्फियात आगमन झाल्याबद्दल तिथल्या एका नामांकित डॉक्टराने त्याचे अभिनंदन केले, तेव्हा अभिनंदन खरे तर शहराचे करावयास हवे असे त्याने सुचविले, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्याला ओळखणाऱ्यांना ती खरी वाटली. १७८५ मध्ये तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी जेवावयास गेला. नातवंडांसाठी स्कॉटलंडहून शिक्षक मागविण्याचा वॉशिंग्टनचा विचार होता. स्वतंत्र देशाच्या सेनापतीने मास्तर परदेशातून आणावा काय, असे या पाहुण्याने यजमानालाच ऐकविले. याच फिरतीत त्याला दुसरा एक नाद लागला होता. कोणत्याही गावी गेला की तो पायी हिंडून घरे मोजी आणि आकडा रोजनिशीत टिपून ठेवी. सरकारी शिरगणती सुरू होण्यापूर्वीची ही एकट्या माणसाची शिरगणती. शब्द मोजण्याचा त्याचा पुढचा उद्योग याच स्वभावातून आला.

फिलाडेल्फियातच बेंजामिन फ्रँकलिनशी त्याचा स्नेह जमला. ऐंशीच्या घरातल्या फ्रँकलिनने पूर्वी कधी तरी उच्चारानुसारी नवी लिपी तयार करून पाहिली होती. वेब्स्टरला नवी अक्षरे मान्य नव्हती, पण स्पेलिंग बदलण्याची कल्पना त्याच्या डोक्यात शिरली ती येथे. १७८९ मध्ये त्याने भाषेवरील आपले निबंध फ्रँकलिनला अर्पण केले आणि १७९० च्या निबंधसंग्रहात स्वतःच्या सुधारणा प्रत्यक्ष छापून दाखविल्या: मुकी अक्षरे गेली, ‘गिव्ह’ची शेपटी गेली, ‘हेड’मधला ‘ए’ गेला. वाचक हसले. देशभक्ती एक आणि डोळ्यांची सवय दुसरी. ज्यांनी राजा झुगारला त्यांना एक मुके अक्षर झुगारवेना.

मधली वर्षे

१७८९ मध्ये बॉस्टनच्या रिबेका ग्रीनलीफशी त्याचा विवाह झाला. त्यांना आठ अपत्ये झाली. संसारासाठी त्याने वकिली केली, मासिक काढले आणि बुडविले. डिसेंबर १७९३ मध्ये हॅमिल्टनच्या गटाच्या पाठबळावर न्यूयॉर्कमध्ये ‘अमेरिकन मिनर्व्हा’ हे दैनिक सुरू केले. संपादक म्हणून तो कडवा आणि थकलेला असे. शत्रू त्याने भरपूर जोडले. त्या धामधुमीतही पीतज्वराच्या साथीवर देशभरच्या डॉक्टरांकडून माहिती मागवून त्याने १७९९ मध्ये साथीच्या रोगांचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. निष्कर्ष चुकीचे होते, माहिती जमविण्याची पद्धत मात्र पुढच्या काळाची होती.

१७९३ चे त्याचे एक छोटे पुस्तक मात्र थांबून पाहावे असे आहे. गुलामगिरीचा नीतीवर आणि उद्योगावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. आपल्या श्रमाचे फळ आपल्याला मिळणार नाही हे ज्याला ठाऊक आहे तो जीव ओतून काम करणार नाही, आणि दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा मालकही आळशी बनतो. म्हणून ही पद्धत पाप तर आहेच, पण आतबट्ट्याचीही आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. कनेक्टिकटमधील गुलामगिरीविरोधी मंडळाचा तो सभासद होता. हे सारे लक्षात ठेवावयास हवे, कारण म्हातारपणीचा वेब्स्टर निराळेच बोलणार होता.

१७९८ मध्ये तो न्यू हेवनला राहावयास गेला. १८०६ मध्ये सुमारे ३७,००० शब्दांचा एक आटोपशीर कोश त्याने प्रसिद्ध केला. ही पूर्वतयारी होती. यानंतरची जवळजवळ वीस वर्षे मोठ्या कोशात गेली. अर्धवर्तुळाकार लांब मेज, त्यावर निरनिराळ्या भाषांचे कोश आणि व्याकरणे उघडी मांडलेली, आणि त्याच्या आतल्या बाजूने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाणारा एकच माणूस. हाताखाली संपादक नाहीत, कारकून नाहीत. लोकांकडून वर्गणी मागितली, ती फारशी आली नाही. खर्च झेपेना म्हणून १८१२ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅम्हर्स्ट या स्वस्ताईच्या गावी गेला. तेथे शाळा आणि मग कॉलेज उभे करण्यास त्याने हातभार लावला. घर चालत होते ते निळ्या पुस्तकावर. गावोगावची पोरे जी पाटी गिरवीत होती तिचे पैसे या मेजावरच्या शब्दांना पुरत होते.

१८२४ मध्ये मुलाला बरोबर घेऊन तो पॅरिसला आणि तेथून केंब्रिजला गेला. जानेवारी १८२५ मध्ये केंब्रिजच्या भाड्याच्या खोलीत शेवटचा शब्द लिहून झाला, तेव्हा त्याचा हात इतका थरथरू लागला की उठून खोलीत फेऱ्या मारून त्याला स्वतःला सावरावे लागले. ज्या देशाच्या भाषेतून फुटून निघण्यासाठी हा खटाटोप, त्याच देशात तो पुरा झाला. १८२८ मध्ये ‘अ‍ॅन अमेरिकन डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ दोन खंडांत निघाला. ७०,००० शब्द, २,५०० प्रती, किंमत २० डॉलर. लेखक सत्तर वर्षांचा.

कोशात ‘स्कंक’सारखे प्राणी आले, ‘हिकरी’सारखी झाडे आली. पण खरे महत्त्व व्यवहारातल्या शब्दांचे होते. सरकारी जमिनी विकणारे ‘लँड-ऑफिस’ इंग्लंडात नव्हतेच. गावकारभार पाहणारे ‘सिलेक्टमेन’ नव्हते. ‘काँग्रेस’, ‘सेनेट’ हे शब्द असूनही त्यांचा अर्थ निराळा होता. संस्था बदलल्या की शब्दांचे अर्थ बदलतात, तेव्हा लंडनचा कोश अमेरिकनाला अपुरा पडणारच, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. शब्दाची व्याख्या करणे हे तर त्याचे उपजत देणे होते. पुढे ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनीही त्याला याचे श्रेय दिले. ‘झेड’ अक्षराला ‘झी’ म्हणावे, हेही या कोशाने सांगितले.

स्पेलिंगच्या बाबतीत आता तो बराच निवळला होता. ‘कलर’, ‘ऑनर’ यांतला ‘यू’, ‘म्यूझिक’च्या शेवटचा ‘के’, ‘सेंटर’मधली ‘आर-ई’ची उलटी जोडी, ‘डिफेन्स’मधला ‘सी’ एवढ्यांवर त्याने हात चालविला. यांतली पुष्कळ रूपे त्याने निर्माण केलेली नव्हती. दोन्ही प्रकार पूर्वीपासून चालत आलेले होते, त्याने त्यांतला एक निवडला आणि छापला. ‘म्यूझिक’मधला ‘के’ पुढे इंग्रजांनीही टाकला. ‘टंग’ शब्द ‘टी-यू-एन-जी’ असा लिहावा ही सूचना मात्र कोणीच मानली नाही.

व्युत्पत्तीचा भाग मात्र वाया गेला, आणि त्याची हकीकत आपल्याला चटका लावणारी आहे. वेब्स्टर वीसपंचवीस भाषा शिकला होता. परंतु उतारवयात तो अतिशय धार्मिक बनला होता आणि बायबलातील बाबेलच्या कथेनुसार सर्व भाषा एका आद्य खाल्डियन भाषेतून निघाल्या असे तो धरून चालला. इकडे १७८६ मध्येच कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका कुळातल्या भाषा असल्याचे मांडले होते. त्या धाग्यावर जर्मनीत बोप आणि ग्रिम नवे शास्त्र उभारीत होते. या शास्त्राला वेब्स्टरने आपल्या मेजावर जागा दिली नाही. अर्धवर्तुळाभोवती घातलेल्या वीस वर्षांच्या फेऱ्यांतल्या कितीतरी यामुळे फुकट गेल्या. १८६४ च्या आवृत्तीसाठी एका जर्मन विद्वानाकडून सगळ्या व्युत्पत्ती नव्याने लिहवून घ्याव्या लागल्या.

२० डॉलरचा ग्रंथ सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. प्रकाशकाने १८२९ मध्ये संक्षिप्त आवृत्ती काढली. वेब्स्टरचा जावई गुडरिच आणि जोसेफ वूस्टर यांनी ती सिद्ध केली आणि वेब्स्टरची बरीचशी स्पेलिंगे गुपचूप पूर्वपदावर आणली. ती चांगली खपली! म्हातारा चिडला. पुढे वूस्टरने स्वतःचा कोश काढला, तेव्हा चोरीच्या आरोपांचे युद्ध वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे चालले. त्याआधी एक लढाई मात्र वेब्स्टरने जिंकली होती. १८३०-३१ च्या हिवाळ्यात बहात्तर वर्षांचा हा लेखक वॉशिंग्टनला जाऊन बसला, प्रतिनिधिगृहात व्याख्यान दिले, अध्यक्ष जॅक्सनच्या पंक्तीला जेवला. दुसरा एक जावई, विल्यम एल्सवर्थ, काँग्रेसमध्ये होताच. १८३१ च्या कायद्याने लेखकाचा पहिला हक्क चौदा वर्षांवरून अठ्ठावीस वर्षांवर गेला. तरीही मोठ्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याला राहते घर गहाण टाकावे लागले. बापाने शेत गहाण टाकले होते. मुलाने घर टाकले. आवृत्ती १८४१ मध्ये निघाली आणि पडून राहिली. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवनला वेब्स्टर वारला. वय ८४. न खपलेले छापील कागद आणि हक्क स्प्रिंगफील्डच्या मेरियम बंधूंनी विकत घेतले. १८४७ मध्ये त्यांनी सगळा मजकूर एका खंडात बसवून किंमत ६ डॉलर ठेवली आणि त्यांचे नशीब फळफळले.

ज्यांच्यासाठी लिहिले नव्हते, ते वाचक

अखेरच्या वर्षांतला वेब्स्टर लोकशाहीला विटलेला होता. जमावाच्या हाती मत दिल्याने देश रसातळाला चालला आहे, अशी त्याची खात्री झाली होती. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी चळवळ करणाऱ्यांविषयी त्याला तिटकारा वाटे. स्वतःची एक मुलगी या चळवळीच्या बाजूची होती. १८३७ मध्ये तिला पत्र लिहून त्याने बजावले की गुलामगिरी हे मोठे पाप आहे खरे, पण उत्तरेकडच्या माणसांनी त्यात पडू नये. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आतबट्ट्याचा हिशेब मांडणारा तो हाच.

आणि याच सुमारास मेरीलँडमधील बाल्टिमोर शहरात फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम मुलगा मोठा होत होता. त्याच्या खिशात वेब्स्टरचे स्पेलिंगचे पुस्तक असे. गोऱ्या पोरांना घरातली भाकरी द्यावयाची आणि त्यांच्याकडून एखादा धडा घ्यावयाचा. गोदीतल्या लाकडांवर सुतारांनी खडूने काढलेली अक्षरे पाहून ती गिरवावयाची. आणि मग पुस्तकातली तिरकी अक्षरे न पाहता काढता येईपर्यंत उतरवीत बसावयाचे. १८३८ मध्ये तो पळून स्वतंत्र झाला. १८४५ मध्ये त्याने आपली जीवनकहाणी प्रसिद्ध केली, तीत हे सारे सांगितले आहे. दक्षिणेतील कित्येक राज्यांत १८३१ च्या गुलामांच्या उठावानंतर कृष्णवर्णीयांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविणारे कायदे अधिक कडक करण्यात आले होते. म्हणजे गावातल्या दुकानात उघड मिळणारे एक क्रमिक पुस्तक, मळ्यातल्या झोपडीत पोचले की चोरीचा माल होत असे.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. दुसऱ्या वर्षी, १८६६ मध्ये, ‘निळ्या पाठी’चा खप १५ लाखांवर गेला. चर्चच्या तळघरांत, पडक्या कोठारांत रात्रशाळा निघाल्या. आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून बाराखडीचे तक्ते म्हणू लागले. पश्चिम व्हर्जिनियात, मिठागरात सावत्र बापाबरोबर खपणाऱ्या बुकर नावाच्या एका मुलाने आईजवळ पुस्तकासाठी हट्ट धरला. तिला अक्षर येत नव्हते. तिने कोठून कसे मिळविले हे त्या मुलाला कधीच कळले नाही, पण एक जुने निळे पुस्तक तिने आणून दिले. त्यांच्या वस्तीत वाचता येणारा एकही कृष्णवर्णीय माणूस नव्हता आणि गोऱ्यांना विचारण्याची त्याला भीती वाटे. काही आठवड्यांत बरीचशी मुळाक्षरे त्याने एकट्याने ओळखली. हाच मुलगा पुढे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला आणि १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणारी शाळा त्याने सुरू केली.